भोवऱ्याला हाक

धाकटा परतला तेव्हा दुपारची नमाज होऊन गेली होती. त्याने होडी धक्क्याला बांधली, वल्ही खांद्यावर टाकली आणि सरळ घर गाठलं. पुढच्या खोलीत माणसं जमली होती. विचारायचं ते त्याच्या चालण्यावरूनच कळलं होतं.

अम्मा तेवढी बोलली. "हातपाय धू, दोन घास खा, आणि भरती लागायच्या आत पुन्हा जा."

"अम्मा, आज पार खाडीच्या मुखाबाहेर गेलो होतो. खडकांपर्यंत."

"मग आता खडकांच्या पलीकडे जा."

धाकट्याने वल्ही भिंतीला टेकवली आणि खालीच बसकण मारली. त्याच्या तळहातांवर फोड येऊन फुटले होते. आतल्या दारात उभ्या असलेल्या भाभीला ते दिसले. तिने तेलाची वाटी आणून त्याच्यापुढे ठेवली आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

तिचा नवरा, या घरातला थोरला, गेल्या आठवड्यात वादळात गेला होता. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून अम्मा त्याला भोवरा म्हणायची, आणि पुढे तो लाँच चालवणारा तांडेल झाला तरी सगळ्या वस्तीच्या तोंडी तेच नाव राहिलं. मुखाशी कुणाचीतरी लाँच गाळात रुतली होती. तिला ओढून आणायला तो दोन खलाशी घेऊन निघाला. ओढताना दोर तुटला, उलट्या लाटेने त्याचीच लाँच कलंडली. दोघे खलाशी पोहून बाहेर आले. भोवरा दोरात अडकून खाली जाताना दोघांनीही पाहिला होता. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

खुर्चीवर बसलेल्या मौलवीसाहेबांनी घसा साफ केला. "अम्मा, वाईट वाटून घेऊ नका. दोन साक्षीदार आहेत. मय्यत समोर नसली तरी नमाज पढता येते. मी पढवतो. सूनबाईंनाही इद्दतीचे चार महिने दहा दिवस पाळायला हवेत."

"त्या दोघांनी त्याला खाली जाताना पाहिलं," अम्मा म्हणाली. "मरताना कुणी पाहिलंय का?"

दाराशी बसलेले दोन म्हातारे नावाडी एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एकाने धीर केला. "वहिनी, नावा धक्क्याला बांधून आहेत. भोवऱ्याला हाक मारल्याशिवाय मुख ओलांडायचं नाही हे आम्हीही मानतो. पण किती दिवस?"

या वस्तीत पाण्याने नेलेल्या माणसाला आधी हाक मारत आणि मगच माती देत. ओहोटीच्या पाण्यात कमरेइतकं उतरून त्याच्या आईने त्याला तीनदा हाक मारायची, घरी ये म्हणायचं. उत्तर आलं नाही की जिथे ती उभी असेल तिथलंच पाणी नव्या मडक्यात भरायचं. त्या मडक्याला कफन घालायचं, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड करून दफन करायचं, आणि तेव्हापासून तो माणूस गेला असं धरायचं. तोवर तो ना इथला ना तिथला. तोवर, त्याला शोधणारी होडी सोडली, तर वस्तीची एकही नाव मुखाबाहेर काढायची नाही, कारण त्याच्या अंगावरून जाणं होतं. किताबात यातलं काही लिहिलेलं नव्हतं आणि वस्तीतल्या पोरासोरांनाही सगळं पाठ होतं. आई हयात असेल तर हाक दुसऱ्या कुणी मारायची नसे.

"उद्या सकाळची ओहोटी चांगली आहे, दुल्हन," पाटावर बसलेली फुफी म्हणाली. फुफी अम्माची थोरली नणंद. वस्तीतल्या हाकेचं सगळं तीच बघायची. अम्मा नातवंडांची दादी झाली, केस पांढरे झाले, तरी फुफीसाठी ती अजून दुल्हनच होती. "मडकं मी आणून ठेवलंय."

"फोडून टाका ते, आपा."

"दुल्हन..."

"मी त्याला हाक मारणार नाही. मी हाक मारत नाही तोवर माझा मुलगा मेलेला नाही. तुमचाच नियम आहे ना हा?"

मौलवीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. धाकटा उठून अम्माच्या खाटेपाशी गेला आणि माणसांकडे तोंड करून उभा राहिला. "अम्मा नाही म्हणते तर नाही. मी अजून शोधतोय. चला, घरी जा सगळे."

दारातून भाभीने हे ऐकलं आणि ती आत वळली. निदान धाकटा तरी हाक मारून टाक म्हणेल असं तिला वाटलं होतं.

*

आतल्या खोलीत खिडकीशी तिचं शिवणयंत्र होतं. नावांवर घालायची ताडपत्री, शिडाची ठिगळं, शाळेचे गणवेश, असं सगळं ती शिवायची. पाठोपाठ फुफी आली आणि दार लोटून मशीनशेजारच्या गाठोड्यावर बसली.

"रडून घे," फुफी म्हणाली.

"रडू येत नाही. कशावर रडू? काल पोरगी शाळेतून आली आणि म्हणाली, बाई विचारत होत्या, अब्बा वारले का? मी काय सांगू? मी म्हटलं, दादीला विचार. दादी म्हणाली, कामाला गेलाय." तिने मशीनवरचा धागा उगाच तोडला. "फुफी, पोरगी रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसते. काल तिला शेजारणीने उचलून आणली."

फुफीने गाठोड्याची सैल गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाली, "माझा नवरा कसा गेला तुला माहीत आहे?"

"पाण्यातच ना? अम्मा म्हणाल्या होत्या एकदा."

"पाण्यात. माझ्या सासूने त्याला हाक मारली नाही. मारीन मारीन म्हणत राहिली आणि एक दिवस स्वतःच गेली. सासरच्या गावाला नावा अडवायची रीत नव्हती, म्हणून घाई कुणालाच नव्हती. मग मारणार कोण? मी नवीन होते, माझं कोण ऐकतं. मी इद्दतीला बसले नाही. मला कुणी विधवा म्हटलं नाही, दुसरं लग्न कर असंही कुणी म्हटलं नाही. भावाकडे आले ती इथेच राहिले. माणसं मला आजही विचारतात, तुमचे मालक कुठे असतात? मी सांगते, बाहेरगावी."

इतकी वर्षं फुफी वस्तीतल्या बायकांना पाण्यात नेत होती, त्यांना धरून परत आणत होती. ती हे सगळं इतक्या नेटाने का करते हा प्रश्न कुणाला कधी पडला नव्हता.

"तुम्ही अम्माला सांगितलं का हे?"

"तिला माहीत आहे. पण ती आई आहे, बाई. आईला समजावणं माझ्याच्याने होत नाही."

"मग मी उतरते पाण्यात."

फुफीने मान वर केली. "आई हयात असताना बायको हाक मारत नाही."

"नियम कुणी केला? पाण्याने?"

"जीभ आवर."

"मी आवरणार नाही, फुफी. माझी मुलगी धक्क्यावर बसून म्हातारी होणार नाही. सकाळी ओहोटीला मी उतरते. तुम्ही मडकं घेऊन या, नाहीतर मी एकटी जाते. स्वयंपाकघरातला हंडा घेऊन जाईन."

"हंड्याला कफन घालणार तू?" फुफीच्या तोंडावर नको असतानाही हसू आलं. मग ते गेलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "कापड आहे घरात?"

भाभीने पेटीतून पांढरं कापड काढलं. तिचा हात सवयीने कात्रीकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. कफनाला ना कात्री लावायची असते ना टाका घालायचा. हातभर कापडाची कड शिवल्याशिवाय न सोडणाऱ्या त्या बाईने कापड दातांनी कातरून दोन्ही हातांनी सरळ फाडलं.

*

धाकटा संध्याकाळी पुन्हा खाडीत गेला आणि लवकर परत आला. अम्मा खाटेवर जप करत बसली होती. तो तिच्या पायाशी बसला.

"लवकर आलास?"

"अम्मा, एक सांगू? रागावू नकोस."

"बोल."

"पहिले काही दिवस मी मागत होतो, या अल्ला, तो सापडू दे. आज खडकांपाशी काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं. मी वल्ही सोडून दिली. डोळे मिटले आणि म्हटलं, तो नसू दे. तो मला सापडू नको दे." त्याने खाटेची सुटलेली दोरी ओढून बसवली. "गोणपाट होतं कसलंतरी. मी त्या होडीत बसून हसलो, अम्मा. इतके दिवस पाण्यात राहिलेलं माणूस कसं दिसतं हे तुलाही माहीत आहे. मी आता शोधायला जात नाही. जाताना तुला दिसावं म्हणून जातो, आणि मुखाशी नांगर टाकून बसतो."

अम्माच्या हातातली तस्बीह थांबली.

"तूही माझ्यावर उलटलास," ती म्हणाली.

"उलटलो नाही. थकलो."

"जा. झोप."

तो गेला. अम्माने तस्बीह उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. थोरल्याचा जन्म याच खोलीत झाला होता. पाय आधी आले होते. सुईण म्हणाली होती, याला यायचीही घाई आणि तीही उलटी. अम्मा मनात त्याच्याशी भांडत राहिली. तुला कुणी सांगितलं होतं दुसऱ्याची लाँच ओढायला? तुझ्याच बापाचं पाणी होतं का ते? आणि तो नेहमीसारखा उत्तर न देता नुसता हसत राहिला.

*

सकाळी पाणी ओसरून धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या. वस्तीतल्या बायका धक्क्यावर जमल्या. पुरुष मागे, नावांच्या ओळीपाशी थांबले. भाभी चिखल तुडवत पाण्यात उतरली. फुफी मडकं कवटाळून तिच्या मागे होती.

"आणखी पुढे," फुफी म्हणाली. "कमरेला लागू दे. आता थांब. मुखाकडे तोंड कर."

भाभीने श्वास घेतला. नवऱ्याला नावाने हाक मारायची तिला सवय नव्हती. तिने तोंड उघडलं आणि मागून ओरडा आला.

"खबरदार!"

अम्मा पायऱ्या उतरत होती. धाकटा तिला धरायला धावला, तिने त्याचा हात झटकला. चिखलात तिची चप्पल रुतली, ती तशीच सोडून ती पाण्यात शिरली, साडी भिजून जड झाली तरी थांबली नाही. तिने सुनेचा दंड धरला.

"तोंड मिट. त्याला हाक मारायचा हक्क माझा आहे."

"मग मारा."

"मी मारणार नाही."

"मग मी मारते, अम्मा. सोडा मला."

"तुझा काय संबंध? तू परक्या घरातून आलीस. मी त्याला पोटात वागवलाय."

काठावरच्या बायकांमध्ये कुजबुज झाली. भाभीने दंड सोडवून घेतला नाही. ती अम्माच्या डोळ्यांत बघून हळू बोलली, इतकं हळू की फक्त फुफीला ऐकू गेलं.

"तुम्ही म्हणता तो जिवंत आहे."

"आहेच."

"मग हाक मारायला भीती कसली? जिवंत आहे तर येईल. मी त्याला मेलास असं सांगायला नाही आले. घरी ये म्हणायला आलेय. तुम्ही पण तेवढंच म्हणा. आला तर मी तुमचे पाय धरीन, जन्मभर. नाही आला तर... अम्मा, मला कळू दे. माझ्या पोरीला कळू दे. आणि तुम्हालाही कळू दे."

अम्माने फुफीकडे पाहिलं. फुफी मान खाली घालून मडकं धरून उभी होती. तिचे हात भिजले होते, थंडीने निळसर पडले होते. या बाईच्या नवऱ्याला कुणी हाक मारली नव्हती. तेव्हा अम्मा या घरात नुकतीच आली होती, आणि नणंद रोज दाराकडे तोंड करून का जेवते असं तिने एकदा नवऱ्याला विचारलं होतं.

अम्माचा हात सुनेच्या दंडावरून खाली सरकला. ती वळली. पाणी मुखाकडे धावत होतं. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले, जसे संध्याकाळी पोरं खेळून यायची नाहीत तेव्हा न्यायची.

"भोवऱ्या! ए भोवऱ्या! घरी ये रे!"

काठावरच्या बायका एक पायरी खाली आल्या.

"भोवऱ्या! चल घरी! जेवण वाढलंय!"

नावांपाशी एका म्हाताऱ्या नावाड्याने डोक्यावरची टोपी नीट केली.

"भोवऱ्या! मी मारणार नाही, ये! कुणी तुला काही बोलणार नाही!"

तीन हाका झाल्या. फुफी पुढे झाली, पण अम्मा थांबली नव्हती. ती हाका मारतच राहिली. त्याला लहानपणी मारायची त्या सगळ्या नावांनी, शिव्यांनी, लाडाने, दमात घेऊन. फुफीने तिला अडवलं नाही. शेवटी अम्माच्या घशातून नुसती हवा यायला लागली. सून तिला चिकटून उभी होती, दोघींचे चेहरे मुखाकडे. पाण्यावर काही हललं नाही.

"नाही येत तो," अम्मा म्हणाली.

"नाही अम्मा."

"मडकं द्या, आपा."

तिने मडकं पाण्यात धरलं. मडकं उलटून अर्धं पाणी सांडलं. सुनेने खालून हात लावला.

"सोड," अम्मा म्हणाली. "माझं मी भरते."

ते काठोकाठ भरलं तेव्हा तिने ते कमरेवर घेतलं आणि ती कुणाच्याही हाताला न धरता पायऱ्या चढून आली.

*

नमाज मशिदीसमोरच्या मैदानात झाली. मडकं रांगांच्या पुढे ठेवावं असा फुफीचा आग्रह होता. मय्यत ठेवतात तसं. मौलवीसाहेब यावर हलले नाहीत.

"अल्लाची नमाज मी भोवऱ्यासाठी पढतो आहे, मडक्यासाठी नाही. ते पुढे आलं तर मी बाजूला होईन."

"एवढं काय अडलंय त्याने?" फुफी म्हणाली.

"माझं अडतं, फुफी. मला माझ्या जागी राहू द्या."

अम्मानेच तोडगा काढला. "राहू द्या, आपा. मडकं माझ्याजवळ राहील." आणि नमाज होईपर्यंत ती मैदानाच्या भिंतीबाहेर, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं मडकं मांडीवर घेऊन बसून राहिली. सून एका बाजूला, नात दुसऱ्या बाजूला. नातीने एकदा कापडावर हात ठेवून विचारलं, "अब्बा यात आहेत?"

"नाही," अम्मा म्हणाली. "यात पाणी आहे. अब्बा अल्लाकडे आहेत." हे तिच्या तोंडून निघालं तेव्हा सुनेने डोळ्याला पदर लावला. आठवड्यात पहिल्यांदा.

कब्रस्तानच्या फाटकापाशी मौलवीसाहेब थांबले. अम्माने विचारलं, "तुम्ही आत येत नाही?"

"नाही. जे मला पटत नाही त्याला मी हात लावणार नाही. पण तुमचं होईपर्यंत मी इथेच आहे."

अम्माने मान डोलावली. तिला ते आवडलं की नाही कळलं नाही; पण तिने मडकं धाकट्याच्या हाती दिलं आणि ती बायकांसोबत भिंतीशी उभी राहिली. धाकटा स्वतः कबरीत उतरला. ती आखूड होती, लहान मुलाची असावी तशी. वरून कबर खोदणाऱ्याने विचारलं, "तोंड कुठे करायचं? मडकं तर गोल आहे."

"मडक्याला तोंड असतं!" भिंतीपलीकडून फुफी कडाडली. "तुला नसलं तरी!"

कुणीतरी खोकल्यासारखं हसलं आणि मग बरेच जण हसले, धाकटाही, कबरीत उभा राहून, डोळे पुसत. भोवऱ्यालाही हसू आलं असतं असं कुणीतरी म्हणालं. मडकं किब्ल्याकडे कलतं ठेवून धाकटा वर आला. सगळ्यांनी मुठी भरून माती टाकली. मौलवीसाहेब फाटकाबाहेर उन्हात उभे होते, ते शेवटपर्यंत हलले नाहीत, आणि परतताना अम्माच्या एका बाजूने घरापर्यंत चालत आले.

दुसऱ्या सकाळी नावा मुखाबाहेर गेल्या.

*

भाभी इद्दतीला बसली. आतल्या खोलीत तिचं मशीन चालू असायचं. धाकटा आता मुखातून ओढून आणलेली थोरल्याची लाँच दुरुस्त करत होता. तिचा तळ फुटला होता आणि नवी फळी बसत नव्हती. फुफी संध्याकाळी नातीला घेऊन धक्क्यावर जायची आणि अंधार पडायच्या आत परत आणायची.

एका सकाळी दार वाजलं. पलीकडच्या काठावरचा कुणी अनोळखी माणूस होता, हातात तेलकट फडकं, घामाघूम.

"तांडेल आहेत का घरात? माझी लाँच बंद पडलीये. लोक म्हणाले, ओढून आणायची तर भोवरा तांडेलच."

आत मशीन थांबलं. फुफी चुलीपाशी होती, ती उठायला लागली. नेहमी अशा वेळी तीच पुढे व्हायची, आणि काय सांगायचं हे तिला पाठ होतं.

अम्मा तिच्या आधी दारात पोचली होती. तिने पदर नीट केला, चौकटीला हात टेकला.

"तो वारला," ती म्हणाली. "माझा मुलगा होता. वादळात गेला, आम्ही त्याला माती दिली."

माणूस गोंधळला. "माफ करा अम्मा, मला ठाऊक नव्हतं. मी दुसरीकडे..."

"दुसरीकडे कुठे जाता? आत या, बसा." अम्मा दारातून बाजूला झाली. "माझा धाकटा धक्क्यावर आहे, तो येईल. पण आधी मला सांगा, तुमचा दोर नवा आहे का जुना?"